सन १८०३च्या पुढे

केझायानं पॅनकेकवर ज्वारीची काकवी ओतली, ती कडेपर्यंत पसरेस्तोवर वाट पाहिली, आणि मग जाहीर केलं, की यंदा पुन्हा ते जहाज आलं तर ती बार्लोच्या हायस्कुलात नाव घालणार.

"कुठलं जहाज?" तिच्या वडिलांनी विचारलं. रॉयस स्टॉकर्ड वीज सहकारी संस्थेत तारा दुरुस्त करायचा. घरात चाललेल्या शिक्षणाबद्दल त्याला जे काही कळायचं ते न्याहारीच्या टेबलावरच.

"मेफ्लॉवर. इतिहासाच्या पहिल्या पानावरचं. दुसरं कुठलं? सहाव्या वर्षी मी त्यातून उतरले. आठव्या वर्षी पुन्हा उतरले. मग दहाव्या, बाराव्या, चौदाव्या. बाबा, ते जहाजसुद्धा इतक्या वेळा आलं नाही."

तव्यापाशी उभ्या असलेल्या जनेलनं पॅनकेक उलटला. लेकीला काहीतरी सुनवावं असं तिला फार वाटलं, पण मनातल्या मनात मोजल्यावर पाच हा आकडा बरोबर निघाला, म्हणून तिनं पुढचा पॅनकेक घातला.

झालं होतं असं, की जनेलनं आपली तिन्ही मुलं पहिल्यापासून घरीच शिकवली होती, आणि गणित, वाचन, व्याकरण हे सगळं आपापल्या वेगानं पुढे सरकत गेलं होतं. इतिहासाचं मात्र वेगळं होतं. पहिला अभ्यासक्रम कोरडा निघाला म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्यात गाणीच फार होती म्हणून तिसरा. तोवर एमस सहा वर्षांचा झाला. सगळ्यांनी एकत्र शिकावं म्हणजे घर एक राहतं असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून चौथा. पाचवा कशासाठी घेतला ते तिला आता आठवत नव्हतं, पण त्याची पेटी फार सुंदर होती. आणि प्रत्येक नवा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून सुरू करावा लागतो, हे तर उघडच आहे.

ऑगस्टमध्ये जोरात सुरुवात व्हायची. ऑक्टोबरपर्यंत तेरा वसाहती. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला, बंदरात चहा बुडायचा, जानेवारीत वॉशिंग्टन शपथ घ्यायचा. फेब्रुवारीत जेफर्सन फ्रेंचांकडून लुइझियानाचा मुलूख विकत घ्यायचा, सन १८०३, आणि मग कुणाला तरी ताप यायचा. मिझुरी याच खरेदीत अमेरिकेत आलं. म्हणजे स्टॉकर्डांचं घर ज्या जमिनीवर उभं होतं ती जमीन देशात सामील झाली रे झाली, की स्टॉकर्डांचा इतिहास बंद पडायचा.

"आमच्या वेळी शाळेत तरी काय होतं," रॉयस म्हणाला. "इतिहास कोच शिकवायचा. बास्केटबॉलचा सीझन सुरू झाला की संपला इतिहास. माझा देश नोव्हेंबरपर्यंतच आहे."

"तुम्ही मध्ये बोलू नका," जनेल म्हणाली.

"मी तुझ्याच बाजूनं बोलत होतो."

"म्हणूनच."

"फॉर्मची शेवटची तारीख ऑगस्टचा पहिला शुक्रवार," केझाया म्हणाली. "मी चौकशी केलीय."

तेवढ्यात धाकट्या ओटिसनं मान वर केली. तो सहा वर्षांचा होता आणि गेले दोन महिने ओट्सचा एक रिकामा पुठ्ठ्याचा डबा पलंगाखाली जपून ठेवत होता. "पण माझं जहाज?" तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी केलं. माझं राहिलंय."

 दहा वर्षांच्या एमसनं सांगितलं, की प्रवासी एकशे दोन होते, आणि पुठ्ठ्याच्या डब्यात ते मावणार नाहीत.

*

केझाया गेली तर काय होईल, याचा विचार जनेलनं त्या दिवशी कपडे वाळत घालताना केला, आणि तो तिला आवडला नाही. याच टेबलावर केझी वाचायला शिकली होती, पहिला शब्द 'बदक'. अजून दोन वर्षं राहिली होती. ही दोन वर्षं आपल्या हातची आहेत असं जनेल धरून चालली होती. धरून चाललेलं कुणी विचारून नेत नाही, तसंच नेतं, हे तिला आज कळलं.

शिवाय एक लाजिरवाणी बाब होती. चर्चच्या तळघरात दर वर्षी नव्या आयांसाठी 'अभ्यासक्रम कसा निवडावा' यावर व्याख्यान व्हायचं, आणि ते जनेल द्यायची. तिनं सगळ्यात जास्त अभ्यासक्रम सुरू केले होते. बार्लोच्या आसपास यालाच अनुभव म्हणतात.

तर तिनं आपल्याच व्याख्यानाप्रमाणे नव्या पेट्यांचे कॅटलॉग मांडले आणि पेन्सिल घेऊन बसली.

पहिल्या पेटीतल्या अमेरिकेत कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. सगळे राष्ट्राध्यक्ष लहानपणी खरं बोलायचे आणि मोठेपणी प्रार्थना करायचे, आणि मधल्या काळात लढाया जिंकायचे. दुसऱ्या पेटीतल्या अमेरिकेत कुणाचंच काही बरोबर नव्हतं, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी मुलांनी कुणाची ना कुणाची लेखी माफी मागायची होती. ओटिसला अजून सख्ख्या बहिणीची माफी मागता येत नव्हती. तिसरी पेटी 'वय वर्षे पाच ते अठरा, सगळ्यांसाठी एकच' अशी होती. लहानानं चित्र रंगवायचं, मधल्यानं गाळलेल्या जागा भरायच्या, मोठ्यानं सविस्तर निबंध लिहायचा. ही जात जनेलला चांगली माहीत होती. यात मोठी मुलगीही चित्रच रंगवत बसते, मधला 'वॉशिंग्टनचा घोडा तांबडा होता, पांढरा नव्हता' म्हणून धाकट्याला रडवतो, आणि निबंध आई लिहिते.

तिन्ही पेट्यांच्या झाकणावर जहाज होतं.

*

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी चर्चच्या व्यायामशाळेत जुन्या अभ्यासक्रमांचा बाजार भरला. या बाजाराची रीत साधी. आपल्याला जे जमलं नाही ते शेजारणीला विकायचं, आणि शेजारणीला जे जमलं नाही ते आपण घ्यायचं. संच गावाबाहेर सहसा जात नसत. जनेलला पहिल्याच टेबलावर स्वतःचा पहिला संच भेटला. आत 'केझाया, वय ६' असं वाकडंतिकडं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली आणखी तीन मुलांची नावं.

"हा छान आहे हं," टेबलामागची बाई म्हणाली. "आम्ही फारसा वापरलाच नाही."

"आम्हीही," जनेल म्हणाली.

केझाया सोबत आली होती, मदतीला नव्हे तर साक्षीदार म्हणून. ती बराच वेळ हात मागे बांधून फिरली. मग जनेलच्या लक्षात आलं, की पोरगी पुस्तकं उघडतच नाहीये. एकेक उचलते, आडवं धरते, डोळ्यांपाशी नेते आणि ठेवते.

"काय चाललंय गं तुझं?"

"आई, इकडे ये. हे बघ." तिनं एक जाडजूड पुस्तक आडवं धरलं. पानांच्या कडा पहिल्या बोटभर काळपट, हाताळलेल्या, पुढे दुधासारख्या पांढऱ्या. "कुठे थांबलेत बघ." तिनं नखानं ती रेघ उघडली. बंदर, चहा, खलाशी. "आता हे." दुसरं पुस्तक. पुन्हा बोटभर काळं, मग पांढरं. वॉशिंग्टनची शपथ. "हे जरा शूर होते. आणि हे बघ, हे आपलं आहे. लुइझियाना."

दोघी त्या टेबलावरून या टेबलावर गेल्या. केझाया नख घालायची, पान उघडायची आणि वैद्यासारखी मान हलवायची. सत्तावीस पुस्तकं झाली. एकही १८१० ओलांडत नव्हतं.

"अख्खा जिल्हा आजारी आहे," केझाया म्हणाली. "आणि सगळ्यांना एकाच पानावर ताप येतो."

जनेलला हसू आलं, आणि ते आपल्यावरच आहे हे कळल्यावरही थांबेना. बाजूच्या टेबलावरून कुणीतरी वळून पाहिलं. "हळू बोल," ती म्हणाली. "यातल्या निम्म्या बायका माझ्या व्याख्यानाला असतात."

"मग तर साथ कुठून सुरू झाली तेही कळलं."

बास्केटबॉलच्या रिंगखाली, अगदी कोपऱ्यात, व्हर्डा प्रूएट बसली होती. वय सत्तरच्या पुढे. ज्या काळात मुलं घरी शिकवली तर दारात शेरीफ यायची शक्यता असे, त्या काळात या बाईनं सात मुलं शिकवून मोठी केली होती, आणि सगळं गाव त्यामुळे तिला जरा बिचकून असे. तिच्या टेबलावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, एक गोल आरसा आणि एकच पुस्तक होतं. केझायानं ते सवयीनं आडवं धरलं आणि तशीच उभी राहिली.

याच्या कडा उलट्या होत्या. शेवटची पानं काळीकुट्ट. त्यांवर तेलाचे, जॅमचे, पेन्सिलीचे डाग, एका ठिकाणी चपटा झालेला डास. आणि सुरुवात नव्हतीच. पुस्तक एक्क्याण्णवाव्या पानावर सुरू होत होतं.

"मिस व्हर्डा, याची पहिली पानं कुठे आहेत?"

"करडानं खाल्ली," व्हर्डा म्हणाली.

"कुणी?"

"शेळीचं करडू गं. मार्चची थंडी होती, आई मेलेली, स्वयंपाकघरात ठेवलं होतं शेगडीपाशी. सकाळी बघते तर नव्वद पानं आणि नावाचा पुठ्ठा फस्त. नव्याला पैसे कुठे होते? सुरू केलं एक्क्याण्णवपासून."

"आणि ती नव्वद पानं?" जनेलनं विचारलं. तिच्या आवाजात धंद्यातल्या माणसाची काळजी होती.

"तोंडी सांगितली. एका दुपारी. जहाजातून लोक आले, इथे आधी लोक होतेच, भांडणं झाली, कागदावर सह्या झाल्या. चार वाक्यं. त्याला काय वर्ष लागतं?"

"पण मिस व्हर्डा, तुमची तर सात मुलं. सगळ्यांची वयं वेगळी. कसं जमवलं?"

"कसं म्हणजे? मी वाचायची. धाकटा विचारायचा, मधले भांडायचे, थोरले जाऊन उत्तर शोधायचे." तिनं पुस्तक जनेलच्या हातातून घेतलं, पुसलं आणि केझायाच्या हातात दिलं. "उत्तर मला येत नसायचं म्हणून निभलं. मला येत असतं तर थोरली सगळी पळून गेली असती. पैसे नकोत. बरणी घे एखादी."

केझायानं आईकडे पाहिलं. "एक आठवडा," ती म्हणाली. "फॉर्मच्या आधीचा आठवडा. एक्क्याण्णवपासून. मग ठरवेन."

"आणि ओटिसचं जहाज?"

"ते माझ्याकडे लागलं."

*

घरी आल्यावर जनेल ओसरीवर शेंगा मोडत बसली, पुस्तक मांडीवर. ते उघडायचं तिला धाडस होईना, आणि का होईना याचा विचार करता करता तिला एक जुना फेब्रुवारी आठवला.

केझी आठ वर्षांची होती. सगळी माणसं समान जन्माला येतात, हे जेफर्सननं लिहिलं ते जनेलनं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, छान आवाजात. त्याच्या मळ्यावर सहाशे गुलाम राबून गेले ही ओळही धड्यात खाली बारीक अक्षरात होती, तीही प्रामाणिकपणे वाचली. केझीनं विचारलं, "मग त्यानं आधी त्यांना वाचून दाखवलं का?"

"उद्या बघू," जनेल म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केझीच्या कपाळाला हात लावला आणि कपाळ गरम असल्याचं जाहीर केलं. त्या आठवड्यात तिनं तिसरा अभ्यासक्रम मागवला.

एमसच्या वेळीही तसंच. प्रश्न वेगळा, कपाळ वेगळं.

इतकी वर्षं ती व्याख्यानात सांगत आली होती, की मुलांचा रस टिकेल असा अभ्यासक्रम निवडा. मुलांचा रस कधी आटलाच नव्हता. आटायचा तो पुठ्ठा. १८०३पर्यंत सगळ्याला पुठ्ठा चालतो. जहाज होतं, झोपड्या होतात, चहाच्या पेट्या होतात. त्यानंतर काय करणार? लिलावात उभ्या केलेल्या माणसाचं काय करता येतं पुठ्ठ्याचं? जनेलला गोंद लावता यायचा, कात्री चालवता यायची. आणि जिथे ते चालत नाही तिथे तिच्याकडे फक्त थर्मामीटर होता.

शेंगा मोडून झाल्या. पुस्तक तिनं न उघडताच आत नेलं.

*

फॉर्मच्या आठवड्याच्या आदल्या रविवारी, चर्चहून आल्यावर, केझायानं ओटिसला ओढ्यावर नेलं. दुपारभर ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू येत होता. परत आले तेव्हा ओटिस कमरेपर्यंत चिखलात होता आणि ओट्सचा डबा नव्हता.

"बुडालं?" जनेलनं विचारलं.

"पोचलं!" ओटिस म्हणाला. "मग आम्ही भांडलो. मग मी राजाला पत्र लिहिलं की आम्ही तुझं ऐकणार नाही. मग केझीनं लुइझियाना विकत घेतलं."

"दोनशे वर्षं," केझाया पाय पुसत म्हणाली. "दोन तासांत. मध्ये एकदा शी करायला थांबलो."

एमसनं हिशेब दुरुस्त केला. मेफ्लॉवर ते लुइझियाना, एकशे त्र्याऐंशी वर्षं.

सोमवारी सकाळी भांडी उरकून चौघं टेबलाशी बसले. जनेलनं पान एक्क्याण्णव उघडलं. ते अर्ध्या वाक्यात सुरू होत होतं. तिनं वाचलं: "'…आणि त्यांना सांगण्यात आलं, की आत्ताच्या आत्ता निघायचं, हाताला येईल तेवढंच घेऊन.'"

"कुणाला?" ओटिसनं विचारलं.

"कुणी सांगितलं?" एमसनं विचारलं.

जनेलनं सवयीनं मागचं पान उलटायला बोट घातलं. मागे करडाच्या दातांची नक्षी होती. म्हणजे पुढे वाचण्यावाचून इलाज नव्हता. गेल्या दहा वर्षांत तिनं इतके सुबक अभ्यासक्रम पाहिले होते, धड्याआधी उद्दिष्टं, धड्यानंतर स्वाध्याय. पण पहिल्याच ओळीला तिन्ही मुलं एकदम खुर्चीत पुढे सरकलेली तिनं प्रथमच पाहिली. केझायासुद्धा सरकली होती.

ते चेरोकी होते, जहाजांच्या आधीपासून या देशात राहणारे लोक. सैनिक दारात आले होते. चुलीवर जेवण तसंच राहिलं होतं. मग छावण्या, मग पायी वाट, मग हिवाळा. मंगळवारी नदी आली, बर्फानं अडलेली, आणि नदीच्या पलीकडे मिझुरी. तिथे एक नकाशा होता. एमसनं त्यावर बोट ठेवलं आणि ते पुढे नेईना.

"आई, हा आपला रस्ता आहे."

"आपला म्हणजे?"

"आपला. पशुखाद्याच्या दुकानाकडे जातो तो. तिथे ती तपकिरी पाटी नाही का?"

पाटी होती. आठवड्यातून दोनदा सगळे तिच्याखालून जायचे. ती कॅम्पिंगची जागा दाखवते अशी ओटिसची समजूत होती; आपली काय समजूत होती, हे जनेलला सांगता आलं नसतं. चेरोकी याच वाटेनं गेले असं तिच्यावर लिहिलेलं होतं; तिनं ती कधी वाचलीच नव्हती. पिकअप काढून ते तिथवर गेले, आणि मुलं पाटीपासून दुकानापर्यंत चालली, एक मैल, उन्हातून. जनेल गाडी मागून हळूहळू आणत होती. अर्ध्या मैलावर ओटिस बसला. केझायानं त्याला पाठीवर घेतलं.

"केझी, त्यांच्यातल्या लहान मुलांना कोण उचलायचं?"

"ज्यांच्यात ताकद उरली असेल ते."

"आणि मग त्यांची संपली की?"

 केझायानं त्याला जरा वर सरकवलं आणि चालत राहिली.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला मक्याचा पाव आणि घेवडा होता. सगळं रॉयसला सांगून झालं. तो म्हणाला, त्या पाटीशेजारच्या खांबावर तो शंभर वेळा तरी चढला असेल, आणि पाठ नेहमी पाटीकडेच असायची.

"बाबा, आपण इथे कधी आलो?" ओटिसनं विचारलं.

हा रॉयसचा आवडता विषय. "अठराशे एकेचाळीस," तो ताठ बसून म्हणाला. "माझ्या पणज्याचा बाप. टेनेसीहून निघाला, दोन बैल, एक बायको. ओढ्याकाठी पहिली चूल आपल्या माणसांनी मांडली."

एमसच्या ओठांची हालचाल झाली. तो वजाबाकी करत होता. "ते लोक एकोणचाळीसच्या जानेवारीत इथून गेले," तो म्हणाला. "दोन वर्षांनी आपण आलो. टेनेसीहून. त्याच बाजूनं."

"मग बरं झालं," ओटिस पावाला लोणी लावत म्हणाला. "रस्ता तयारच होता."

रॉयसनं काटा खाली ठेवला. त्यानं जनेलकडे पाहिलं, कारण घरात शिक्षण तिचं खातं होतं. एमसनं तिच्याकडे पाहिलं, आपली वजाबाकी चुकली तर नाही ना म्हणून. केझायानं पाहिलं ते मात्र वेगळं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती वाट बघत होती, आणि कशाची ते जनेलला ठाऊक होतं.

'उद्या बघू' तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. तिचा हात उठला, आपोआप, ओटिसच्या कपाळापाशी गेला. कपाळ थंडगार होतं, त्याला थोडं लोणी लागलेलं होतं.

तिनं लोणी पुसलं.

"हो," ती म्हणाली. "रस्ता तयार होता. त्यांच्या पायांनी झालेला. आपल्या बैलांना ते सोपं गेलं असणार. आपल्या माणसांना हे माहीत होतं की नाही, माहीत असून काय वाटलं, मला माहीत नाही. मला यातलं काहीच माहीत नाही, ओटिस. मी कधी इथवर आलेच नव्हते."

"तू मोठी आहेस ना पण?"

"वाटत होतं."

"मलाही माहीत नाही," रॉयस म्हणाला. मग काटा पुन्हा उचलत, "कोर्टात जुन्या जमिनींची दप्तरं असतात. कुणाला बघायची असतील तर."

"मला," केझाया म्हणाली. पण ते ती बापाशी बोलली, आईशी नाही, आणि फॉर्म तिच्या खोलीत टेबलावर भरून पडलेला होता. त्यावर नाव आणि जन्मतारीख लिहिलेली जनेलनं धुतलेले कपडे ठेवताना पाहिली होती.

*

शुक्रवारी दुपारी केझाया म्हणाली, "मला गावात सोडशील?"

"चल," जनेल म्हणाली. एवढा एकच शब्द तिला नीट काढता येईल असा वाटला.

धाकटे दोघं मागच्या सीटवर बसले, पुस्तक मध्ये ठेवून. पाटीखालून जाताना जनेलनं गाडी हळू केली. शाळेच्या दारात केझाया उतरली, फॉर्म छातीशी धरून, आणि मागे न बघता आत गेली. जनेलनं एसी चालू ठेवला. शाळा चांगली दिसत होती, नव्यानं रंगवलेली. बाहेर दोन मुली एका फोनमध्ये डोकं घालून हसत होत्या. केझी या दोघींत तिसरी होईल, जनेलनं स्वतःला सांगितलं, आणि त्यात वाईट काही नाही. आपण एका प्रश्नाचं उत्तर 'माहीत नाही' असं दिलं. आठ वर्षं उशिरा दिलं. त्यावर कुणी दोन वर्षं द्यावीत असं काही नाही.

वीस मिनिटांनी केझाया बाहेर आली. खिडकीशी येऊन उभी राहिली.

"नाव घातलं," ती म्हणाली.

"बरं," जनेल म्हणाली. तिनं स्टिअरिंगवरची एक न दिसणारी धूळ पुसली. "चांगलं केलंस. मला राग नाही."

"सकाळचे तीन तास. केमिस्ट्री, गणित आणि बँड. बाकीचं घरी. तसं चालतं म्हणाल्या ऑफिसातल्या बाई."

जनेलनं मान वळवली. "केमिस्ट्री?"

"आई, आपल्या स्वयंपाकघराचं छत बघ जरा कधीतरी. आपल्या प्रयोगांचे ते डाग निघणार नाहीयेत."

हे खरं होतं. केमिस्ट्री गेल्याचं जनेलला दुःख करता येईना. गणिताचं थोडं झालं. बँडचं रॉयसला होईल, कारण पोरगी आता घरी ट्रॉम्बोन, म्हणजे भलामोठा पितळी भोंगा, आणणार होती.

"आणि इतिहास?"

"त्या चौकटीत 'घरी' लिहिलं." केझायानं खांदे उडवले. "त्या म्हणाल्या, आमच्या सरांना सगळी उत्तरं तोंडपाठ आहेत. म्हटलं, असतील. पण उत्तर येत नसलं की तुझा जो चेहरा होतो ना आई, तो मला आणखी दोन वर्षं बघायचाय."

"फार टर उडवू नकोस माझी."

"अजून सुरूच कुठे केली?" तिनं मागचं दार उघडलं. "सरका रे. कुठवर आलात?"

"कुठेच नाही," एमस म्हणाला. तो वैतागलेला होता. त्यानं एका पानात बोट घालून ठेवलं होतं. "आईनं उलटूच दिलं नाही. म्हणाली, केझी बाहेर येईस्तोवर थांबायचं."

केझायानं पुढच्या सीटच्या आरशात पाहिलं. जनेल आरशात पाहत नव्हती, ती मोठ्या काळजीपूर्वक गिअर शोधत होती.

"वाच," केझाया म्हणाली. "मोठ्यानं. आईला पुढे ऐकू गेलं पाहिजे."